मागच्या डाव्या सीटवरची ओल

या पानावर लोक असले अनुभव लिहितात, तेव्हा खाली जाऊन 'दादा, बीपी तपासून घ्या' असं लिहिणाऱ्यांपैकी मी एक. जुन्या वाचकांना माझं नाव आठवत असेल. त्यामुळं आज आपणच लिहायला बसलोय याचा मला थोडा संकोचही वाटतोय... घरात देवाधर्माचं बायको बघते. मी हात जोडतो आणि कामाला जातो. करणी, बाधा, उतारा... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आता मानतो का, ते मला सांगता येणार नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो. माणसांची नावं बदलली आहेत, गावं खरी आहेत.

मी नांदेडचा. लातूर फाट्याच्या अलीकडं रोडला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. तिथं मी गाड्यांच्या लेदर सीट साफ करतो. गाडी धुणारे गावात पन्नास आहेत, पण लेदरला हात लावायला ते घाबरतात, म्हणून माझं बरं चालतं. लेदर म्हणजे शेवटी कातडंच. ते तेल पितं, घाम पितं, उन्हानं वाळतं आणि तडकतं. त्याला मऊ ब्रशनं, थोड्या थोड्या जागेत, हलक्या क्लीनरनं साफ करावं लागतं. मग पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, कंडिशनर चोळायचं आणि शेवटी कोटिंग द्यायचं, म्हणजे पाणी आत न मुरता वर थेंबासारखं उभं राहतं. (जाता जाता – घरी खोबरेल तेल चोळत असाल तर कृपा करून बंद करा. चार दिवस चमकतं, मग चिकट होतं आणि धूळ धरतं.) सतरा-अठरा वर्षं हेच केल्यामुळं सीट बघून मला मालक कळतो. कोण डावीकडं कलतो, कोण मागच्या खिशात पाकीट ठेवून बसतो, कुणाच्या घरी लेकरं आहेत, सगळं दिसतं.

आणि एवढं दिसत असून मी फसलो. कारण गाडी व्यंकटनं दिली होती.

व्यंकट लातूरचा. मी लातूरला आयटीआयला होतो तेव्हा त्याच्या घरामागं खोली करून राहायचो. दोन वर्षं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची, तर त्याची आई – सगळे तिला माईच म्हणायचे – भिंतीवरून हाक मारायची, "दिगू, ताट वाढून राहिले, ये." मी लाजत जायचो. नंतर लाजायचंही सोडलं. माई घरी डोक्याचं तेल करायची. लोखंडी कढईत माका आणि जास्वंदाची फुलं घालून तेल कढवायला लागली की गल्लीत वास सुटायचा. माझं लग्न झालं, मी नांदेडला स्थिरावलो, तरी दरवर्षी माझ्यासाठी एक बाटली यायची. माझे केस कधीच गेले, पण बाटली येतच राहिली.

व्यंकट पुढं जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडला. लातूरात बाह्यवळण रस्त्याला त्याचा अड्डा आहे. विकायला आलेलीच गाडी तो स्वतः फिरवायचा, त्यामुळं दर पंधरवड्याला त्याच्याकडं वेगळी गाडी दिसायची. चांगली गाडी असली की विकण्याआधी सीट साफ करायला माझ्याकडं पाठवायचा. आमचं भावाभावांसारखं होतं. त्याच्या घरात मी विचारून जात नव्हतो.

मागच्याच्या मागच्या वर्षी मे महिन्यात माई गेली. ती नायगावला तिच्या लेकीकडं होती – व्यंकटची मोठी बहीण, कुसुमताई. व्यंकट तिला आणायला गेला आणि लातूरला घेऊन आला. संध्याकाळी त्याचा फोन आला. घरी आली, दोन घास जेवली, जरा पडते म्हणाली, चहाला उठवायला गेलो तर गेलेली होती. मी तसाच निघालो. मी तिला खांदा दिला. सगळे म्हणत होते, असं मरण नशिबात असावं लागतं. मीही कित्येक जणांना सांगितलं... झोपेत गेली, कुणाला त्रास दिला नाही, स्वतःला करून घेतला नाही.

त्याच वर्षी दसऱ्याच्या आसपास मला गाडी घ्यायची होती. समीक्षा, आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती आणि तिघांना मोटारसायकल पुरेना. व्यंकटला कळलं तर त्यानं आपणहून फोन केला. एका डॉक्टरची गाडी आहे म्हणाला. एकहाती, पांढरी, आत दुधी रंगाच्या लेदर सीट.

मी बघायला गेलो. सीट छान होत्या. पण मागच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथं लेदर लावलेलं असतं, तिथली चमक वेगळी वाटली. बॅटरी लावून आडवा उजेड टाकला तर कळलं, नंतर रंग भरलाय. मी विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरच्या नातवानं पेननं रेघोट्या मारल्या होत्या, त्या झाकल्यात. मी म्हणालो, एकदा त्या डॉक्टरला फोन लावून विचारू का? तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"दिगू, तू माझ्यावर शंका घेऊन राहिलास? माईची शपथ घेऊन सांगतो. मागं कुणी बसलंच न्हाई."

आता यापुढं माणूस काय विचारणार? मलाच लाज वाटली. निघताना त्यानं मला सांगितलं, एकदा सगळ्या सीट तुझ्या हातानं नीट कर, कोटिंग मार, तुझा हात लागू दे. मला ते कौतुक वाटलं होतं.

थंडीचे दिवस काही न होता गेले. गाडीनं आम्ही किनवटला सासुरवाडीला जाऊन आलो, सहस्रकुंडचा धबधबा बघून आलो. समीक्षानं मागची डावी सीट आपली म्हणून धरली होती.

मार्च संपता संपता पहिल्यांदा झालं. दुपारी एकच्या सुमारास रेखाला, म्हणजे बायकोला, बँकेत सोडायचं होतं. तिनं पिशवी ठेवायला मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "अहो, सीट ओली आहे." मी बघितलं. मागची डावी सीट, बसायची जागा आणि पाठीचा खालचा भाग ओला होता. समीक्षाची पाण्याची बाटली सांडली असणार, असं धरून चाललो. शाळेतून आल्यावर तिला रागावलो. ती म्हणाली, माझी बाटली घरीच होती. मी ऐकलं नाही.

चार दिवसांनी परत. मग परत. प्रत्येक वेळी दुपारी, गाडी उन्हात बंद उभी असताना. सकाळी कोरडी, संध्याकाळी कोरडी. सुकल्यावर मागं पांढरट कड राहायची. मी बोटानं उचलून जिभेला लावली. खारट. आमच्या कामात ही कड ओळखीची असते. घाम वाळला की अशीच राहते.

मी कारागीर माणूस. कारण शोधायला लागलो. एसीच्या पाण्याची नळी बघितली, दारांची रबरं बघितली, छताचं अस्तर दाबून बघितलं. शेवटी सीट काढून कव्हर उसवलं. आतला फोम खडखडीत कोरडा. म्हणजे पाणी खालून येत नव्हतं. वरचं छत कोरडं, म्हणजे वरूनही नाही. एसीच्या मेकॅनिकला दाखवलं, तर तो म्हणाला, भाऊ, पोरगी सांडत असेल. मी समीक्षाला मागं बसवणंच बंद केलं, गाडीची किल्ली स्वतःजवळ ठेवायला लागलो. ओल यायची ती आलीच.

एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पाठीच्या वरच्या भागावर तेलाचा डाग. डोकं टेकल्यासारखा. पण डोकं टेकायची उशी असते ना, तिच्यावर नाही, चांगला वीतभर खाली. म्हणजे बुटक्या माणसाचा. समीक्षा तेवढ्याच उंचीची आहे, पण ती तर आता मागं बसतच नव्हती. मी शोषणारी पावडर टाकून डाग ओढून घेतला, क्लीनर मारला, कंडिशनर दिलं. दोन दिवसांत डाग तिथंच. मी नाक जवळ नेलं.

माका आणि जास्वंद.

मी मागं सरकलो. मग स्वतःलाच म्हणालो, अरे, घरोघरी लोक असलं तेल लावतात. त्या डॉक्टरची आई लावत असेल. मुरलेलं तेल उन्हानं वर येतं, हे तर मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. रेखाला काही बोललो नाही.

मे उजाडला तेव्हा ठरवलं की ओल येताना बघायची. दुपारी साडेबाराला गाडी शेडसमोर उन्हात लावली, काचा वर केल्या, इंजिन बंद केलं आणि मी मागं उजव्या बाजूला बसून दार ओढून घेतलं. डावी सीट नीट दिसावी म्हणून तिथंच बसलो. ज्यांना मराठवाड्याचं ऊन माहीत आहे त्यांना सांगायला नको. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. श्वास घेतला तर गरम तव्यावरून हवा आल्यासारखी वाटत होती. शेजारची सीट कोरडी होती. मी तिच्यावरून नजर काढली नाही.

मग थेंब आले.

आधी कमरेच्या जागी. बारीक, मोहरीएवढे. वर कोटिंग होतं म्हणून ते मुरले नाहीत, उभे राहिले. मग ते एकमेकांत मिसळले आणि ओघळले. मग मांड्यांच्या जागी. कातड्याला घाम सुटतो तसा त्या कातड्याला सुटला. मी ते दोन फुटांवरून बघितलं आहे. तेलाचा वास आला. आणि त्या बाजूच्या दारातून आवाज आला... खर्र, खर्र. नखानं ओढल्यासारखा. जोर नसलेला. थांबायचा, परत यायचा.

मी दाराचा खटका ओढला. दार उघडेना. मागच्या दोन्ही दारांना लेकरांचं लॉक होतं. त्यात मागची दारं फक्त बाहेरून उघडतात. गाडी घेतली तेव्हापासूनच ते लावलेलं होतं आणि समीक्षासाठी बरं म्हणून मी तसंच ठेवलं होतं. काचेचं बटन दाबलं, पण इंजिन बंद, काच खाली येईना. किल्ली पुढं. मी काच बडवली, पण रोडवरच्या ट्रकांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? शेवटी दोन्ही पुढच्या सीटच्या मधून कसाबसा पुढं घुसलो आणि बाहेर पडलो. माझं वय बेचाळीस. तरी गुडघा सोलला. किती तरी वेळ शेडच्या सावलीत नुसता बसून होतो. आत काय दिसलं यापेक्षा, आत अडकल्यावर कसं वाटलं तेच डोक्यात होतं.

ऊन कलल्यावर दार उघडलं आणि आवाज जिथून आला होता त्या दाराचं लेदर बघितलं. तीच ती रंग भरलेली जागा. कापसावर रंग काढायचं द्रावण घेऊन हळूहळू पुसत गेलो. दुधी रंग कापसावर आला आणि खालून ओरखडे निघाले. पेनचे नव्हते. चार-चार रेघा शेजारी शेजारी, काचेच्या कडेपासून खटक्यापर्यंत. त्यांच्यावर परत तशाच. खटक्याभोवती तर लेदर पार खरवडून निघालं होतं.

मी व्यंकटला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाबा, त्या मागच्या दाराला काय झालं होतं रे, रंग निघून राहिलाय. तो म्हणाला, डॉक्टरचं कुत्रं होतं, त्यानं खरवडलं होतं.

मागं नातवाचं पेन होतं. आता कुत्रं झालं.

मी फोन ठेवला. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन नायगावला निघालो. उगीच गेलो असं म्हणणार नाही. माईनंतर ते तेल आता कुसुमताई करते. तिला एवढंच विचारायचं होतं, की हे तेल तुम्ही लोक आणखी कुणाला देत होता. ती गेटपर्यंत आली, मला बघून हसली, आणि मग गाडीकडं बघून तिचं हसू थांबलं. जवळ आली. काचेतून आत डोकावली.

"दिगू, ही तुझ्याकडं कशी?"

मी म्हणालो, व्यंकटनं दिली, दसऱ्याला. डॉक्टरची होती.

"कुठल्या डॉक्टरची रे? माईला न्यायला हीच आणली होती त्यानं. म्याच बसिवलं तिला. हितं, मागं."

मग तिनं सगळं सांगितलं. त्या सकाळी तिनं माईला न्हाऊ घातलं होतं, डोक्याला भरपूर तेल लावून वेणी घातली होती. व्यंकट त्यावरून चिडला होता. सीटला डाग पडतील, गिऱ्हाईक पैसे पाडून मागतं, म्हणाला. मग कुसुमताईनं घरातला टॉवेल माईच्या डोक्यामागं लावला. माईचे गुडघे गेलेले, दोघांनी धरून तिला आत बसवलं. सकाळी दहाला निघाले ते. कुसुमताईनं एवढं सांगून मला विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, संध्याकाळी फोन करतो. तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला आधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिथून सरळ लातूर. अड्ड्यावर पोचलो तर व्यंकट एका गिऱ्हाइकाला गाडी दाखवत होता. त्यानं मला बघितलं, मग गाडी बघितली. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणाला. मी एवढंच विचारलं, माई कुठं गेली? तो म्हणाला, घरी, तुला माहीत नाही का. मी म्हणालो, मी नायगावहून येतोय.

तो खुर्चीवर बसला.  मग बोलला, ते असं. त्या दिवशी अहमदपूरच्या अलीकडं एका गिऱ्हाइकाच्या शेतातल्या घरी तो थांबला. दोन गाड्यांचा सौदा होता. माई खाली उतरली असती तर त्या घरच्या बायांशी बोलत बसली असती आणि उशीर झाला असता, म्हणून तिला म्हणाला, दहा मिनिटांत येतो. गाडी झाडाखाली लावली. कुणी काही काढून नेऊ नये म्हणून लॉक केली. आत त्या लोकांनी आग्रह केला. तो जेवायला बसला. जेवून, पान खाऊन, सौदा पक्का करून बाहेर आला, तोवर सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती.

आधी म्हणाला, मी एसी चालू ठेवला होता. मग थोड्या वेळानं म्हणाला, काच चार बोटं खाली होती. मी विचारलं, एसी चालू होता तर काच खाली कशाला? 

तिथून तो लातूरपर्यंत तिला तशीच घेऊन आला. घरात नेऊन पलंगावर निजवलं. बायको माहेरी होती. जेवली, पडली, गेली... हे सगळं त्यानं त्या संध्याकाळी रचलं आणि आम्ही सगळ्यांनी गावभर सांगितलं. मी तर सगळ्यांत जास्त.

मी विचारलं, "मला का दिलीस?"

"दोघांना विकली होती. दोघांनी बी परत आणून लावली. सीट वली होते म्हणले." तो माझ्याकडं बघत नव्हता. "म्या बी लई पुसलं, दिगू. निघंना. तुझा हात चांगलाय. वाटलं, तुझ्या हातानं निघल."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. त्याला सगळं माहीत होतं. ओल माहीत होती, डाग माहीत होता. जिनं मला वाढलं, तिचा घाम पुसून काढायला त्यानं मला निवडलं होतं. आणि मी महिनोन्महिने तेच करत होतो – ब्रश घेऊन, पावडर टाकून, मन लावून.

मी म्हणालो, "माझी पोरगी बसत होती तिथं."

तेव्हा त्यानं वर बघितलं. खरोखर नवल वाटल्यासारखं म्हणाला, "माईनं तिला काय केलं असतं का?"

  मी त्याला म्हणालो, ऊन आहे अजून, एकदा मागं बसून बघ. तो उठला, गाडीपर्यंत आला, खटक्याला हात लावला. आणि हात काढून घेऊन परत जाऊन खुर्चीवर बसला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

संध्याकाळी फोनवर कुसुमताईला सांगितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. उद्या दुपारी मला ती गाडी दाखव, एवढं म्हणाली. बसनं नांदेडला आली, मी बस स्टँडवरून तिला शेडवर आणलं. दीड वाजला होता. गाडी सकाळपासून उन्हात होती. मागचं दार उघडलं तर सीट ओली होती, कमरेपाशी थेंब उभे होते. ती बसणार म्हणून सवयीनं मी खिशातलं फडकं काढलं आणि वाकलो.

तिनं माझा हात धरला.

"पुसू नको. तेवढीच राहिली हाय ती."

मग ती चारी दारं उघडायला लावून उजव्या बाजूला बसली. डावा हात त्या ओल्या जागेवर ठेवला. काही बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं आणि मी जवळही गेलो नाही. चारपर्यंत बसली होती. जाताना तिच्या पदराचं टोक भिजलेलं मी बघितलं. पोलिसांत जायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, काय लिहून देऊ त्यायला, माझा भाऊ जेवत होता म्हणून? भाऊबीजेला मात्र ती लातूरला गेली नाही. इथून पुढं जाईल असंही वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात त्यानंतर दोनदा ओल आली. मी पुसली नाही. नंतर ऊन उतरलं आणि थांबली. गाडी मी वापरत नाही. ती शेडच्या मागं सावलीत उभी आहे. विकायची म्हटलं तर घेणाऱ्याला खरं सांगावं लागेल, आणि खोटं सांगायची आता माझ्यात हिंमत नाही. सीटवर मिठाची पांढरी कड तशीच आहे. या वर्षीचा उन्हाळा लागलाय. रोज दुपारी मी जेवण अर्धवट टाकून एकदा मागं जाऊन बघून येतो. अजून तरी कोरडी आहे.

मी या कामातल्या जुन्या लोकांना विचारलं. कातडं कमावणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं. कुणी म्हणालं मुरलेलं मीठ हवेतली ओल ओढतं. मे महिन्यातल्या नांदेडच्या दुपारी हवेत ओल कुठली, हे त्यांना सांगता आलं नाही. कोरड्या फोमवर, बंद गाडीत, माणसाच्या मापानं घाम कसा उभा राहतो, ते कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर खाली लिहा, मी वाचीन.

व्यंकटबद्दल मात्र कुणी काही लिहू नका. ते मला माहीत आहे, आणि ते कळल्यानं काहीही सोपं झालेलं नाही.